जांघेतली खाज पुन्हा पुन्हा का येते?



मृगाचा पाऊस लागला की दापोलीकडे चिखलणी आणि लावणीची घाई उडते. दिवसभर चिखलात उभे राहायचे, ओली चड्डी किंवा लंगोट अंगावरच वाळायचा. मग जांघेत खाज सुटते. सांगायची लाज वाटते, म्हणून आपण दुकानातून मलमाची नळी आणतो. आठ दिवस बरे वाटते आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या!

कारण काय?

बहुतेक वेळा हे गजकर्ण असते. भातावरच्या करप्यासारखाच हाही बुरशीचा रोग. बुरशी वेगळी, पण ओल दोघींनाही मानवते. लाल चट्टा पसरत जातो, कडेला खवले दिसतात, मधली कातडी बरी वाटते. पायाच्या बेचक्यांत बुरशी असेल, तर तीच पंच्याने जांघेत येते.

परंतु प्रत्येक खाज गजकर्णाची नसते :

१) रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या आहेत, घरात इतरांनाही खाज आहे, तर ती खरूज असू शकते. औषध घरातल्या सर्वांनी एकाच वेळी लावावे लागते.

२) शिस्नाच्या टोकाला वरचेवर लाली व पांढरा थर येत असेल, तर रक्तातली साखर तपासून घ्या.

३) जखम, फोड किंवा पू दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लैंगिक संबंधातून आलेला रोग निघाला, तर पत्नीलाही उपचार लागतात.

रोग उलटतो का?

दुकानातल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज दबते, पण बुरशी आतून फोफावते आणि कातडी पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. दुसरे कारण म्हणजे खाज थांबताच आपण औषध सोडतो.

उपाय काय करावा?

● डॉक्टरांनी दिलेले बुरशीचे मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटे जागेपर्यंत लावा. चट्टा गेल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवा. जुन्या रोगाला पोटात घ्यायच्या गोळ्याही लागतात. त्या मनाने घेऊ नका.

● शेतावरून येताच अंघोळ करा, जांघ कोरडी पुसा, सैल सुती कपडे घाला.

● पंचा प्रत्येकाचा वेगळा ठेवा. आतले कपडे गरम पाण्यात धुवा. पावसात वाळले नाहीत, तर उलटे करून इस्त्री फिरवा.

● रॉकेल, चुना असले काही लावू नका. कातडी भाजते.

● घरात आणखी कोणाला चट्टे असतील, तर त्यांचेही औषध एकदमच सुरू करा.

रोपावर रोग दिसला तर आपण कृषी विद्यापीठात विचारायला लाजत नाही. मग स्वतःच्या अंगाबाबत लाज कशाला? प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात जा, वापरलेली नळी सोबत न्या आणि डॉक्टरांना मोकळेपणी सांगा.