तीन रात्रींचें गायन-वादन : ‘मेड इन जपान’

संगीत हें मुळांत प्रयोगाचें शास्त्र आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रां’त दोन नाट्याचार्यांमध्यें श्रेष्ठ कोण असा वाद निघतो, तेव्हां त्याचा निर्णय कोरड्या शब्दांनीं न करतां प्रत्यक्ष प्रयोगानें करावा असें ठरतें. ध्वनिमुद्रणाची कला निघाल्यापासून मात्र गवयाची परीक्षा बंद खोलींतहि होऊं लागली. तेथें स्वर चुकला तर पुन्हा गातां येतें, नको तो भाग वगळतां येतो, एकाच्या गाण्यावर दुसऱ्याचें वादन मागाहून बसवितां येतें. अशा मुद्रिकेंत सफाई असते. पण श्रोत्यांसमोर बसलेला कलावंत ऐन वेळीं काय करूं शकतो, हें तिच्यावरून कळत नाहीं. तें कळावें म्हणून भर सभेंत केलेलें मुद्रण ऐकावें लागतें. पाश्चात्य रॉक संगीतांत या प्रकारचा उत्तम नमुना म्हणून ‘डीप पर्पल’ या इंग्रज वादकसंघाच्या ‘मेड इन जपान’ या ध्वनिमुद्रिकेकडे बोट दाखवितां येईल.

हा संघ १९६८ सालीं स्थापन झाला. प्रस्तुत मुद्रिकेच्या वेळीं त्यांत पांच जण होते : गायक इयन गिलन, गिटारवादक रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवादक जॉन लॉर्ड, मंद्र स्वरांची बेस गिटार वाजविणारा रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमवादक इयन पेस. भरतमुनींनीं वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध व घन असे चार वर्ग केले आहेत. त्या हिशेबानें गिटारी तत वर्गांत, ड्रम अवनद्धांत व त्यांच्या जोडीच्या झांजा घनांत पडतात. लॉर्डचा ऑर्गन मात्र कोणत्याच वर्गांत नीट बसत नाहीं. कारण त्याचा नाद वाऱ्यानें नव्हे, विजेनें उत्पन्न होतो. शिवाय गिटारीसाठीं बनविलेल्या ध्वनिवर्धकांतून तो वाजविण्याची लॉर्डची पद्धत असल्यामुळें त्या वाद्यास एक खरखरीत, गर्जनेसारखा कंठ प्राप्त झाला होता. लॉर्डचें शिक्षण मूळचें पाश्चात्य शास्त्रीय संगीतांतलें. १९६९ सालीं लंडनच्या रॉयल ॲल्बर्ट हॉलमध्यें या संघानें रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर जी रचना वाजविली, ती त्याचीच होती.

या मुद्रिकेचा जन्म गमतीचा आहे. संघास ती करावी असें स्वतः होऊन वाटलेलें नव्हतें. १९७२ च्या ऑगस्टांत तो जपानांत जाणार, तेव्हां तेथील मुद्रिका-कंपनीनें आग्रह धरला. संघानें होकार दिला तो, मुद्रण आमच्या विश्वासांतला माणूस करील, या अटीवर. त्याप्रमाणें मार्टिन बर्च या कुशल ध्वनिमुद्रकानें ता. १५ व १६ रोजीं ओसाका येथील फेस्टिव्हल हॉलमध्यें आणि ता. १७ रोजीं टोकियोच्या बुडोकानमध्यें अशा तीन रात्री मुद्रित केल्या. ध्वनीचें अंतिम मिश्रण करण्याच्या वेळीं ग्लोव्हर व पेस एवढे दोघेच हजर राहिले, यावरून इतरांस या कामाचें किती महत्त्व वाटत होतें तें दिसतें! त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ती इंग्लंडांत निघाली आणि पुढें त्या संघाची सर्वांत नांवाजलेली कृति ठरली.

दोन तबकड्यांच्या चार बाजूंवर गाणीं फक्त सात. याचें कारण विस्तार. आपल्याकडे ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या काळीं तासभराचा ख्याल तीनेक मिनिटांत आटोपावा लागे, आणि त्यामुळें जाणत्यांस हळहळ वाटे, हें जुन्या घरांतून ऐकलेलें असेलच. येथें तो प्रवास उलट झाला आहे. ‘स्पेस ट्रकिन’’ हें गाणें बंद खोलींत मुद्रित झालें तें साडेचार मिनिटांचें. जपानांत तेंच सुमारें वीस मिनिटें चाललें आहे व तबकडीची एक पूर्ण बाजू त्यानें व्यापली आहे. ‘चाइल्ड इन टाइम’मध्यें गिलनचा आवाज हळुवार आरंभापासून चढत चढत किंकाळीच्या तार टोकापर्यंत जातो. या गाण्याची मूळ सुरावट सॅन फ्रान्सिस्को येथील एका संघाच्या वाद्यरचनेवरून सुचली होती, आणि त्या रचनेचें नांव होतें ‘बॉम्बे कॉलिंग’! ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मध्यें ब्लॅकमोर गिटारीवर एक स्वरवाक्य टाकतो व गिलन तेंच गळ्यानें परत करतो, वाक्यें बिकट होत जातात, पण उत्तर चुकत नाहीं. सवाल-जबाबांत रमणाऱ्या आपल्या श्रोत्यास हा भाग समजावून सांगण्याची गरज नाहीं.

सर्वांत प्रसिद्ध गाणें ‘स्मोक ऑन द वॉटर’. त्यामागें खरी घटना आहे. १९७१ च्या डिसेंबरांत हा संघ मुद्रणासाठीं स्वित्झर्लंडमधील माँत्र येथें गेला होता. ता. ४ रोजीं ज्या कॅसिनोंत मुद्रण व्हावयाचें, तेथें फ्रँक झापा याचा कार्यक्रम चालू असतांना श्रोत्यांपैकीं कोणीं तरी छताकडे दारूकामाची पिस्तूल झाडली व सारी इमारत भस्म झाली. जिनीव्हा सरोवरावर पसरलेला धूर या मंडळींनीं पाहिला आणि त्यावरच गीत रचिलें. पुढें हिंवाळ्यामुळें रिकाम्या पडलेल्या एका हॉटेलांत त्यांनीं मुद्रण उरकलें. अमेरिकेंत १९७३ सालीं हें गाणें विक्रीच्या यादींत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलें.

यावर वडीलधाऱ्यांचा आक्षेप ठरलेला : हा संगीत नव्हे, गोंगाट! आक्षेप अगदींच निराधार नाहीं. याच संघाच्या १९७२ मधील लंडनच्या एका कार्यक्रमांत आवाज ११७ डेसिबलपर्यंत गेला आणि तिघे श्रोते बेशुद्ध पडले, अशी नोंद गिनेस-ग्रंथांत झाली. प्रस्तुत मुद्रिकेंतहि, प्रत्येक वाद्याचा आवाज इतर प्रत्येक वाद्याहून मोठा करा, अशी थट्टेची मागणी व्यासपीठावरून केलेली ऐकूं येते. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास तिच्यांतील अन्योन्याश्रय पाहून हसूं येईल. परंतु मोठा आवाज हा ध्वनियंत्राच्या खुंटीचा गुण आहे, संगीताचा नव्हे. खुंटी उलट फिरवून ऐकलें म्हणजे खालीं काय आहे तें उमगतें : पेसचा लयीवरील ताबा, ऑर्गन व गिटार यांचें एकमेकांस वाट करून देणें, आणि समेवर सर्वांनीं एकत्र येणें. बाहेरून बेताल वाटणाऱ्या या खटाटोपाच्या मुळाशीं कडक शिस्त आहे.

आतां प्रामाणिकपणाचा प्रश्न. सभेंतलें म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक मुद्रिकांवर मागाहून दुरुस्त्यांचे लेप चढविले जातात. ‘मेड इन जपान’वर तसा लेप नाहीं, असें संघाचें सांगणें आहे. तरी निवड झालीच. सातांपैकीं चार गाणीं ओसाकाच्या दुसऱ्या रात्रींचीं, दोन टोकियोचीं आणि ‘स्मोक ऑन द वॉटर’ हें एकच पहिल्या रात्रींचें आहे. निवड म्हणजे लबाडी नव्हे. हाराकरितां माळी फुलें वेंचतोच. १९९३ सालीं तिन्ही रात्रींचें बहुतेक मुद्रण तीन तबकड्यांत प्रसिद्ध झाल्यामुळें जिज्ञासूंस ताडून पाहण्याचीहि सोय झाली आहे.

एवढ्या एकदिलानें वाजविणाऱ्या या पांच जणांचें मन मात्र एक नव्हतें. गिलन व ब्लॅकमोर यांचें पटेनासें झालें होतें. ता. २९ जून १९७३ रोजीं त्याच ओसाका शहरांत कार्यक्रम करून गिलन व ग्लोव्हर संघांतून बाहेर पडले. पांचहि जण पुन्हा एकत्र आले ते १९८४ सालीं. जॉन लॉर्ड २०१२ सालीं व मार्टिन बर्च २०२० सालीं निवर्तले. एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्यांस या कथेचा अर्थ सहज कळेल : मनें दुरावलेलीं असतांहि लय सांभाळतां येते, पण ती फार दिवस सांभाळतां येत नाहीं.

घरांतील तरुण मुलें दार लावून असलें कांहीं ऐकत असतील, तर वडिलांनीं दार ठोठावून आवाज कमी करावयास अवश्य सांगावें. पण लगेच परत फिरूं नये. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मधील तो सवाल-जबाब एकवार त्यांच्याजवळ बसून ऐकावा. आवडेलच असें नाहीं. तथापि न ऐकतां दिलेल्या निकालापेक्षां ऐकून दिलेला निकाल केव्हांहि बरा, आणि मुलेंहि तो अधिक आदरानें मानतील.