नाला आणि विहीर : एकाच पाण्याचा जमाखर्च

पावसाळा संपून दोन-तीन महिने लोटल्यावरही नाल्यास जी धार राहते, ती कोठून येते? दोन्ही काठांच्या जमिनीत मुरलेले पाणी हळूहळू पाझरून नाल्यात उतरते, तीच ही धार होय. आसपासच्या विहिरीही याच पाण्यावर चालतात. शेतकऱ्यास ही गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. कागदोपत्री मात्र नदी-नाल्यांचे पाणी एका वहीत आणि विहिरींचे दुसऱ्या वहीत मांडण्याची रीत पुष्कळ काळ चालली. त्यामुळे तेच पाणी दोनदा जमेस धरले जाण्याचा संभव राहतो. हा दोष टाळण्यासाठी संपूर्ण पाणलोट क्षेत्राचे गणिती प्रतिमान तयार करतात.

या विषयाच्या दृष्टीने कर्नाटकातील बीदर व कलबुर्गी हे सीमावर्ती जिल्हे लक्षणीय आहेत. बीदर शहराच्या पठारावर माथ्यास जांभ्याचा थर असून त्याखाली काळा कातळ आहे. सच्छिद्र जांभ्यातून खाली उतरणारे पाणी कातळाशी अडते व आडवे सरकू लागते. पठाराच्या कडेला हा सांधा जेथे उघडा पडतो तेथे झरे फुटतात. नानक झिरा व झरणी नरसिंह ही तीर्थक्षेत्रे अशाच झऱ्यांपाशी वसली आहेत. नौबाद येथील बहामनी काळातील कारेझ, म्हणजे ‘सुरंग बावी’, याच ज्ञानावर उभी आहे. सौम्य उताराचा बोगदा आणि त्यावर ठिकठिकाणी उभी विवरे, एवढ्यावर भूजल कोणत्याही यंत्राशिवाय बाहेर आणले गेले. ते खोदणाऱ्यांना पाण्याची चाल आकड्यांवाचून उमगली होती, असेच म्हणावे लागते.

प्रतिमान करताना प्रथम सीमा ठरवावी लागते आणि ती जिल्ह्याची किंवा राज्याची चालत नाही. कारंजा नदी मांजरेस व मांजरा गोदावरीस मिळते. उलट बीदरमधून कलबुर्गी जिल्ह्यात जाणारी मुल्लामारी कागिणा व भीमा यांच्या वाटेने कृष्णेच्या खोऱ्यात जाते. मांजरा तर महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगण अशा तीन राज्यांतून वाहते. यास्तव सीमारेषा जलविभाजकावरूनच आखतात. आतील क्षेत्राचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचा जमाखर्च लिहितात : पावसाचे मुरलेले पाणी व शेजारून आलेले पाणी जमेस, उपसा व पुढे गेलेले पाणी खर्चात, उरेल तो साठ्यातील फरक.

नाला ज्या चौकोनातून जातो तेथे आणखी एक रकाना येतो. भूजलाची पातळी नाल्यातील पाण्याहून उंच असेल तर पाणी नाल्यात येते. खाली असेल तर नाल्याचे पाणी जमिनीत जाते. पातळ्यांतील अंतर जितके अधिक व तळ जितका पाझरणारा, तितकी ही देवघेव मोठी. हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये मांडलेला नियम याच्या मुळाशी आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मॉडफ्लो’ या संगणक कार्यक्रमातही हीच आकडेमोड असते.

कातळाच्या प्रदेशात साठा किती तोकडा असतो हे एका हिशेबावरून कळेल. झिजलेल्या कातळातून सुटणारे पाणी त्याच्या घनफळाच्या सुमारे २ टक्केच धरतात. एक हेक्टर पिकास ५ सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यावयाची तर ५०० घनमीटर, म्हणजे ५ लाख लिटर पाणी लागते. बाजूने काहीच न आल्यास तेवढ्या उपशाने हेक्टरभर क्षेत्राखालील पातळी अडीच मीटर उतरते. प्रत्यक्षात बाजूने पाणी येते खरे, परंतु ते नाल्याकडे जाणाऱ्या पाण्यातूनच. नाल्यापासून दूर असलेल्या विंधन विहिरीच्या उपशाचा परिणाम नाल्यावर त्याच दिवशी दिसत नाही. कित्येकदा तो महिन्यांनी दिसतो. तोवर दोष पावसाला दिलेला असतो!

भूजल आकारणीच्या १९९७ च्या पद्धतीत पावसाळ्यानंतर अशा प्रकारे निघून जाणाऱ्या पाण्यासाठी सरसकट ५ किंवा १० टक्के वजावट सुचविलेली आहे. मोजमाप नसेल तेथे दुसरा उपाय नाही, हे मान्य. तथापि जांभ्याच्या कडेचे झऱ्यांचे गाव आणि काळ्या कातळावरील सपाट गाव यांना एकच टक्केवारी लावणे सयुक्तिक वाटत नाही.

प्रतिमानाची परीक्षा मोजमापानेच होते. केवळ विहिरींच्या पातळ्या जुळल्या म्हणून ते बरोबर ठरत नाही. जास्त पाणी मुरते व वेगाने वाहून जाते असे मानले काय, किंवा कमी मुरते व सावकाश जाते असे मानले काय, पातळ्या दोन्ही प्रकारे जुळू शकतात. नाल्यात उतरणारे पाणी मात्र दोन्हींत निरनिराळे निघते. म्हणून डिसेंबर ते मार्च या काळात नाल्याची धार मोजणे अगत्याचे ठरते. कठड्यावर कायमची खूण करून तेथून पाण्यापर्यंतची खोली दर पंधरवड्यास लिहिणे व नाल्याची धार कोणत्या तारखेस तुटली त्याची नोंद ठेवणे, ही कामे गावच्या शाळेसही करता येतात. धार तुटण्याची तारीख कित्येक ठिकाणी कोणत्याच दप्तरात सापडत नाही आणि प्रतिमान करणाऱ्यास नेमकी तीच हवी असते.