कोंबडं झाकून भागत नाही

लग्न होऊन मी चिकोडी तालुक्यातल्या या घरात आले, त्याला वीस वर्षे होऊन गेली. पहिल्याच महिन्यातली गोष्ट. सकाळी परसात गेले तर आमच्या अत्ती खुराड्यापाशी वाकून मोठ्या आनंदाने सांगत होत्या, "मरी बंदाव!" मी घाबरून घरात पळाले आणि यजमानांना म्हणाले, "अहो, कोंबड्यांत मरी आली म्हणतात, आणि वर हसतातही!" ते पोट धरून हसले. कन्नडमध्ये मरी म्हणजे पिल्लू. खुडूक बसवलेल्या कोंबडीखाली नऊ पिल्ले निघाली होती.

कोंबडीला कन्नडमध्ये कोळी म्हणतात, त्यावरूनही आमच्याकडे बरेच विनोद झाले. पण 'मरी' हा शब्द माझ्या मनात घर करून राहिला. एकाच शब्दात पिल्लूही आणि साथही! परसात कोंबड्या पाळणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, या दोन अर्थांमध्ये कधीकधी एका रात्रीचेच अंतर असते. संध्याकाळी मोजून आत घेतलेल्या कोंबड्यांपैकी सकाळी दोन आडव्या पडलेल्या असतात आणि बाकीच्या चोच उघडून श्वासासाठी धडपडत असतात.

हे मी जवळून पाहिले ते मात्र आपल्या भागात नव्हे, तर थेट नर्मदेच्या काठी.

धरमपुरीची आत्या

माझी आत्या मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातील धरमपुरीला दिली आहे. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. त्यांच्यामागोमाग गेलेली मराठी घरे अजून तिकडे नांदत आहेत. आपल्याला तो मुलूख ठाऊक असतो तो कुमार गंधर्वांमुळे. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला हा गायक, क्षयाने फुप्फुस पोखरले तेव्हा कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये देवासला गेला आणि तिथलाच झाला. महाराष्ट्रातून जाताना खलघाटच्या पुलावर नर्मदा ओलांडली की डावीकडे धरमपुरीचा रस्ता लागतो.

धार, झाबुआ, अलिराजपूर हा कडकनाथचा मुलूख. तिकडे या कोंबडीला 'काली मासी' म्हणतात. पिसे, तुरा, कातडी, मांस, सगळे काळे. भिल्ल आणि भिलाला कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या ती सांभाळली आणि २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या बाजूला मात्र हे नाव २०१९ मध्ये इस्लामपूर परिसरातून उघडकीस आलेल्या गुंतवणूक प्रकरणामुळे बदनाम झाले. त्यात कोंबडीचा बिचारीचा काय दोष?

२०२३ साली होळीच्या आधी आत्याच्या नातवाचे लग्न होते, म्हणून मी धरमपुरीला गेले. आत्याच्या परसात अकरा कोंबड्या. त्यांतल्या चार कडकनाथ. दुसऱ्या रात्री आत्या मध्येच उठून बसली. "ऐक," म्हणाली. खुराड्यातून घरघर ऐकू येत होती, मधूनच शिंकल्यासारखा आवाज. कंदिलाच्या उजेडात पाहिले तर दोन कोंबड्या मान लांब करून चोच उघडून श्वास घेत होत्या. खाली हिरवट पातळ हगवण पडली होती.

सकाळी एक मेलेली सापडली. सूनबाई म्हणाली, "सासूबाई, आज हाट आहे. बाकीच्या चालत्या आहेत तोवर विकून टाकू. सगळे तेच करतात." होळीच्या आधीचे ते भगोरियाचे दिवस. हाटाला तुडुंब गर्दी आणि कोंबडीला हात लावीन तो भाव.

आत्या काही बोलली नाही. चूल पेटवून झाल्यावर तिने मला एक जुनी गोष्ट सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच शिंकणाऱ्या आठ कोंबड्या तिने हाटात विकल्या होत्या. त्यांतल्या दोन तलंगा घेतल्या त्या तिच्याच शेतावर रोजाने येणाऱ्या बाईच्या भावजयीने. पंधरवड्यात त्या पाड्यावर एक कोंबडी उरली नाही. त्या बाईनेही दहा-बारा कोंबड्या जपल्या होत्या, मुलीच्या शाळेच्या खर्चासाठी. पोरगी त्या वर्षी शाळेत गेली नाही. "ती मला एका शब्दाने बोलली नाही," आत्या म्हणाली. "बोलली असती तर बरं झालं असतं गं."

त्या दिवशी एकही कोंबडी हाटाला गेली नाही.

ही सर्दी नव्हे

कोंबडी शिंकली की आपण सहज म्हणतो, सर्दी झाली असेल. पण पक्ष्याचे शरीर आपल्यासारखे नसते. त्याच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या नऊ पिशव्या असतात आणि त्या पार पोटापर्यंत पसरलेल्या असतात. त्यामुळे श्वासाचा रोग पाहता पाहता सर्व अंगात जातो. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटलही नसतो. छातीचा पिंजरा हलला तरच तिला श्वास घेता येतो. म्हणून आजारी कोंबडी धरताना छाती दाबू नये, नाहीतर ती हातातच गुदमरते.

श्वासाचे रोग अनेक आहेत. हळूहळू पसरणारी घरघर, डोळ्यात फेस, डोळ्याखाली सूज, पण मर कमी, अशी लक्षणे असतील तर तो बहुधा मायकोप्लाझ्मा या जंतूमुळे होणारा जुनाट श्वसनरोग असतो. तोंड सुजले आणि नाकातून घाण वासाचा स्राव येऊ लागला तर कोरायझा. हे दोन्ही जंतूंचे आजार. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने ते आटोक्यात येतात, मात्र मायकोप्लाझ्मा बरी दिसणाऱ्या कोंबडीतही दडून राहतो आणि अंड्यातून पिल्लात उतरतो. ओल्या, बुरशी आलेल्या भुश्शामुळे लहान पिल्लांची फुप्फुसे बिघडतात, तो आजार वेगळाच. त्याला औषधापेक्षा कोरडी जागा हवी.

चोच उघडून श्वास, हिरवी हगवण, मग मान वाकडी होणे, पंख लुळा पडणे आणि धडाधड मर, हे चित्र मात्र राणीखेतचे. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणतात, कन्नडमध्ये कोक्करे रोग. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीलाही महाराष्ट्रात लोकांनी मानमोडी हेच नाव दिले होते. हा रोग १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसलला ओळखला गेला आणि पुढच्याच वर्षाच्या सुमारास कुमाऊँमधील राणीखेतला. जगभर तो न्यूकॅसलच्या नावाने ओळखला जातो, आपल्याकडे राणीखेतच्या. त्याचा विषाणू एकदा कोंबडीच्या अंगात शिरला की त्यावर औषध नाही. लसूण, हळद, कांद्याचा रस यांनी मानमोडी थांबत नाही. देशी कोंबडी काटक असते, कडकनाथला काही होत नाही, हाही समज खोटा. आत्याच्या चारपैकी तीन कडकनाथ त्या आठवड्यात गेल्या.

शंभर मात्रांची बाटली

डॉक्टर आले. त्यांनी मेलेली कोंबडी चिरून पाहिली नाही, उलट आम्हालाही हात लावू नका म्हणाले. कारण बर्ड फ्लूमध्येही अशीच अचानक मर होते आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक सांगता येत नाही. त्यांनी नमुने तपासणीला पाठवले. अहवाल आला, तो राणीखेतचा.

मग आत्याने सरळ विचारले, "लस असते ना याच्यावर?" लस असते आणि चांगली असते. राणीखेतजवळच्याच मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेत १९४० च्या सुमारास तयार झालेला लशीचा वाण आजही वापरात आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा किंवा एफ-वन लशीचा एक थेंब, चौथ्या आठवड्यात लासोटाचा पुन्हा एक, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लशीचे टोचण, असा साधारण क्रम.

अडचण वेगळीच होती. डॉक्टर म्हणाले, "काकी, बाटली शंभर मात्रांची येते. एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, तीही बर्फात ठेवून. तुमच्या पाच-सात कोंबड्यांसाठी ती कशी फोडू?"

त्या एका वाक्यात मला परसातल्या कोंबडीचे सगळे दुखणे कळले. लस आहे, पण ती हजारांच्या पोल्ट्रीच्या हिशेबाने भरलेली. दहा कोंबड्यांची बाई कुणाच्या हिशेबातच नाही. ऑस्ट्रेलियात आय-टू नावाची उष्णतेत अधिक टिकणारी लस तयार झाली आणि आफ्रिकेतल्या खेड्यांमध्ये ती पोहोचली, ती हीच अडचण ओळखून.

आत्या म्हणाली, "शंभर कोंबड्या मी आणते." आणि तिने आणल्या! गल्ली, मागची वाडी, त्या बाईचा पाडा, सगळीकडे ती स्वतः गेली. तिने आधी सांगितले की माझ्याकडे रोग आला आहे, माझ्या परसात पाऊल टाकू नका. मग सांगितले की ज्यांच्या कोंबड्या धडधाकट आहेत त्यांनी अमुक दिवशी सकाळी त्या डालून ठेवा. डॉक्टर घरोघर गेले. आत्याच्या कोंबड्यांना लस मिळाली नाही, कारण आजारी कळपाला ती देत नाहीत. अकरांपैकी तिच्या तीन उरल्या. शेजारचा पाडा मात्र वाचला.

नवापूर आणि झाबुआ

रोग लपवला की काय होते, हे आपण दोनदा पाहिले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू निश्चित झाला. आधी कित्येक दिवस कोंबड्या मरत होत्या आणि राणीखेतच असेल अशी समजूत होती. पुढे लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये झाबुआतल्या कडकनाथ पालनकेंद्रात तोच रोग निघाला. त्याच महिन्यात परभणीजवळच्या मुरुंबा गावातही.

अशा वेळी सरकारी माणसे येतील, सगळ्या कोंबड्या मारतील, या भीतीने लोक गप्प बसतात. ही भीती खोटी नाही. पण नुकसानभरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या कोंबड्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे जो लवकर सांगेल त्याच्या पदरात काहीतरी पडेल, जो झाकेल त्याच्या पदरात काहीच नाही. शिवाय बर्ड फ्लू माणसालाही होऊ शकतो. मराठीत म्हण आहे, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. कन्नडमध्येही तीच म्हातारी आहे, आपल्या कोंबड्यामुळेच गावात उजाडते असे समजणारी. दोन्ही भाषा एकच सांगतात.

आपल्या परसासाठी

वाचक भगिनींनो, आत्याकडून आणि डॉक्टरांकडून शिकलेले थोडक्यात सांगते.

रात्री कोंबड्या शांत बसल्या की पाच मिनिटे खुराड्यापाशी कान देऊन उभ्या राहा. घरघर दिवसा कळत नाही. खुराड्यात वाकल्यावर तुमचे डोळे चुरचुरले तर समजा, त्या रात्रभर तीच हवा घेतात. भुस्सा बदला, वरच्या बाजूला हवेला वाट ठेवा, पण अंगावर थेट वारा येऊ देऊ नका.

बाजारातून आणलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवा. शिंकणारी दिसली की त्याच क्षणी लांब हलवा, तिला ऊब आणि पाणी द्या. दाणे आधी निरोगी कोंबड्यांना आणि मग आजारी कोंबडीला घाला, हात साबणाने धुवा. मेलेली ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. खोल खड्डा करून चुन्यासह पुरा. एकदम दोन-तीन मेल्या तर हातच लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा.

उरलेल्या गोळ्या पाण्यात कालवून देऊ नका. विषाणूवर त्या चालत नाहीत, आणि औषध चालू असताना व नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नसतात, हे दुकानदार सांगतोच असे नाही. कोलिस्टिन नावाचे औषध तर २०१९ पासून खाद्यप्राण्यांसाठी देशात बंद आहे.

आणि शंभराची बाटली? ती एकटीने फोडता येत नाही. आमच्या स्त्रीशक्ती गटात आता दर महिन्याची एक तारीख ठरली आहे. माझा पुतण्या थर्मासात बर्फ घालून लस आणतो, डॉक्टर येतात, आणि सकाळी आठच्या आत मराठी गल्ली आणि कन्नड गल्ली दोन्ही उरकतात. वर्गणी प्रत्येक कोंबडीमागे काही पैशांची. पहिल्या महिन्यात चाळीसच कोंबड्या जमल्या, तरी बाटली फोडली. गेल्या वेळी दोन बाटल्या लागल्या.

परवा अत्तींनी पहाटे हाक मारली, "मरी बंदाव!" मी धावत गेले. खुडूक कोंबडीखाली सात पिल्ले होती. त्यांनी बोटांवर मोजून मला सांगितले की सातवा दिवस कधी येतो. थेंबाची तारीख आता त्याच लक्षात ठेवतात.