तटस्थता, शस्त्रे आणि हैदराबाद

1795 च्या मार्च महिन्यात जामखेडजवळील खर्ड्यास मराठे आणि निजाम यांची गाठ पडली, तेव्हा निजामाच्या पदरी इंग्रजांच्या पलटणी होत्या; परंतु त्या रणांगणावर उतरल्या नाहीत. कंपनी या युद्धात तटस्थ राहील, असे गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने ठरविले होते. निजामाचा पराभव झाला. संतापून त्याने इंग्रज पलटणींना रजा दिली आणि रेमंड या फ्रेंच सेनानीच्या कवायती फौजेत भर घातली. पुढे 1798 साली वेलस्लीने ती फौज मोडावयास लावून निजामाच्या गळ्यात तैनाती फौज बांधली. त्यानंतर निजामाच्या खर्चाने पोसलेल्या, पण इंग्रजांच्या हुकमतीत असलेल्या कंटिन्जंट फौजेची बाकी थकत गेली, आणि 1853 साली तिच्यापायी वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले. लष्करी मदत फुकट मिळत नाही, हे वऱ्हाडच्या शेतकऱ्याइतके क्वचितच कोणी अनुभवले असेल.

तटस्थता म्हणजे केवळ युद्धापासून दूर राहणे नव्हे. 1907 च्या हेग करारांनी ठरविलेला दंडक असा, की तटस्थ सरकारने युद्धमान पक्षाला स्वतः दारूगोळा पुरवू नये. तथापि आपल्या व्यापाऱ्यांनी खाजगीरीत्या शस्त्रे विकली, तर ती अडविण्याचे बंधन सरकारवर नाही. नियमातील मोठी पळवाट हीच. अमेरिकेने 1935 साली कायदा करून ती बुजविली. 1939 साली रोख पैसे मोजून आपल्याच जहाजांतून माल न्यावा, अशी मुभा दिली. आणि 1941 च्या मार्चमध्ये उसनवारीने शस्त्रे देण्याचा कायदा करून तटस्थतेचा बुरखाही जवळजवळ बाजूला सारला.

हैदराबादचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता. 1947 साली निजाम मीर उस्मान अली खान यांना भारतात विलीन व्हावयाचे नव्हते. तह करण्यास आपण तयार आहोत, मात्र भारत व पाकिस्तान यांच्यात युद्ध झाल्यास हैदराबाद तटस्थ राहील, ही त्यांची अट होती. चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या, समुद्रकिनारा नसलेल्या संस्थानाची ही अट! अखेर 29 नोव्हेंबर 1947 रोजी एक वर्षाचा जैसे थे करार झाला. परराष्ट्रव्यवहार, संरक्षण व दळणवळण यांविषयी ब्रिटिश अमदानीत चालत आलेली व्यवस्था तशीच चालावी, असे त्यात ठरले.

वाद लगोलग उफाळला. संस्थानी फौजेला शस्त्रे पुरविण्याची पूर्वीची रीत कराराने भारतावर येते, असे हैदराबादचे म्हणणे होते. आणि शब्दांकडे पाहिले तर ते अगदीच निराधार नव्हते. उलटपक्षी, पुरविलेली बंदूक कासीम रझवीच्या रझाकारांच्या हाती पडेल, ही दिल्लीची भीती होती. मराठवाड्यातील ज्या गावांनी रझाकारांचा जुलूम सोसला, त्यांना ही भीती समजावून सांगण्याची गरज नव्हती. शस्त्रे रोखली गेली.

इकडे निजाम सरकारने पाकिस्तानला 20 कोटी रुपयांचे कर्ज भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने दिले. वाटाघाटी कराराआधीच्या आहेत, असा खुलासा हैदराबादने केला. परंतु काश्मीरमध्ये लढाई चालू होती, आणि पैसा हीदेखील युद्धसामग्रीच असते. याच कारणाने भारताने पाकिस्तानच्या वाट्याचे 55 कोटी रुपये काही काळ रोखून धरले होते. गांधीजींच्या उपोषणाच्या काळात, 15 जानेवारी 1948 रोजी ते देण्याचे ठरले. एका युद्धमान पक्षाला कर्ज देणारा तटस्थ कसा, या प्रश्नाला हैदराबादपाशी पटण्याजोगे उत्तर नव्हते.

राहिला शस्त्रांचा मार्ग. तो आकाशातून काढण्यात आला. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने 1948 साली लँकॅस्ट्रियन विमानांतून कराचीहून हैदराबाद संस्थानात चोरून शस्त्रे आणली. त्याची विमाने बिदर व वरंगळकडे उतरत. येथे कायद्याची गंमत पाहावी: व्यापारी खाजगी, विमाने ब्रिटिश, विमानतळ पाकिस्तानचा आणि गिऱ्हाईक ‘तटस्थ’! प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखविता येत होते. मात्र संरक्षण व परराष्ट्रव्यवहार कराराने भारताकडे असताना बाहेरून शस्त्रे आणणे हा करारभंगच होता. भारताने शस्त्रे न दिल्याची तक्रार लवादाकडे नेण्याची तरतूद त्याच करारात होती. ती सोडून चोरवाट धरली गेली.

त्या शस्त्रांचा उपयोगही बेताचाच झाला. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या रस्त्याने निघाले, पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडले. 17 तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी जनरल अल इद्रूस यांनी मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. कॉटनवर ब्रिटनमध्ये खटला झाला, पण तो विमानवाहतुकीच्या नियमांखाली, आणि शिक्षा झाली ती दंडाची.

हैदराबादची तक्रार ऑगस्टमध्येच सुरक्षा समितीकडे गेली होती. समिती पॅरिसला ती ऐकावयास बसली तो दिवस 16 सप्टेंबर, म्हणजे युद्धबंदीची पूर्वसंध्या. हैदराबाद हे राष्ट्रच नव्हे, सबब हा प्रश्न समितीपुढे येऊच शकत नाही, असे भारताचे म्हणणे होते. काही दिवसांतच निजामाने तक्रार मागे घेतली. 1949 च्या मे महिन्यानंतर तिच्यावर चर्चा झाली नाही. मात्र समितीच्या विषयसूचीत हैदराबादचे नाव त्यानंतरही कित्येक वर्षे तसेच राहिले.