जुन्या अमेरिकी मोटारींची पुनर्स्थापना, रूपांतर आणि विक्री : बुलढाणा जिल्ह्यातील जीपच्या संदर्भात

प्रस्तावना :

मोटार हे केवळ वाहतुकीचे साधन नसते. ती ज्या काळात घडली त्या काळातील तंत्रज्ञान, अर्थकारण आणि समाजजीवन यांची ती साक्ष असते. अमेरिकेत १९६० च्या दशकात निर्माण झालेल्या व 'मसल कार' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बलशाली मोटारींना आज तेथे मोठी बाजारपेठ लाभली आहे. भारताच्या सर्वसाधारण बाजारात या मोटारी कधी आल्याच नाहीत. मात्र अमेरिकी कुळातील जीप हे वाहन महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले आणि आजही दुरुस्त होऊन, रूप पालटून विकले जाते. जुन्या वाहनाचे मूल्य कशाने ठरते, पुनर्स्थापना व रूपांतर यांत भेद काय आणि कायदा या भेदाकडे कसा पाहतो, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :

जुन्या वाहनांच्या व्यवहारात तीन अवस्था स्पष्टपणे वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली जतनाची. यात वाहनाचा मूळ पत्रा, रंग, इंजिन व आसने शक्य तितकी तशीच राखली जातात. दुसरी पुनर्स्थापनेची. यात झिजलेले भाग बदलून वाहन कारखान्यातून निघाले त्या वेळच्या स्थितीत आणले जाते. तिसरी रूपांतराची. यात बाह्य रूप जुने ठेवून आत नवे इंजिन, नवे ब्रेक, नवी गिअर यंत्रणा बसविली जाते किंवा बाह्य रूपही बदलले जाते. विक्रेत्याच्या तोंडी तिन्हींसाठी 'गाडी नवी केली' हा एकच शब्दप्रयोग असतो. परंतु त्यांची किंमत, उपयोग आणि कायदेशीर स्थिती भिन्न असते. येथेच ग्राहकाची फसगत होण्याचा संभव असतो.

अमेरिकेतील बाजारपेठेचे स्वरूप :

१९६४ ची पॉन्टिअॅक जीटीओ ही सामान्यतः पहिली मसल कार मानली जाते. मध्यम आकाराच्या, तुलनेने स्वस्त मोटारीत मोठे आठ सिलिंडरचे इंजिन बसविणे हे या प्रकाराचे साधे सूत्र होते. १९७० च्या शेव्हरोले शेव्हेल एसएस मध्ये मिळणारे ७.४ लिटरचे इंजिन कंपनीच्या घोषित आकड्याप्रमाणे ४५० अश्वशक्तीचे होते. मात्र १९७० चा स्वच्छ हवा कायदा, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे हे पर्व दहा वर्षांच्या आतच ओसरले. उत्पादन थांबले, संख्या मर्यादित राहिली आणि तरुणपणी या मोटारींची स्वप्ने पाहिलेली पिढी पुढे आर्थिकदृष्ट्या संपन्न झाली. दुर्मिळता व स्मरणरंजन यांच्या संयोगातून संग्राहकांची बाजारपेठ उभी राहिली.

या बाजारात 'जुळणारे क्रमांक' ही कसोटी महत्त्वाची ठरते. इंजिन, गिअरपेटी व सांगाडा यांवरील क्रमांक परस्परांशी जुळले, तर वाहनातील मुख्य भाग मूळचेच आहेत असे मानले जाते. १९७१ ची प्लायमथ हेमी कूडा ही उघड्या टपाची मोटार २०१४ मध्ये ३५ लाख डॉलरला विकली गेली. 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटातील फोर्ड मस्टँग तर पुनर्स्थापना न करताच जानेवारी २०२० मध्ये लिलावात आली. एका कुटुंबाने १९७४ मध्ये ६,००० डॉलरला घेतलेल्या या मोटारीवर ३४ लाख डॉलरची बोली लागली. तिच्या अंगावरील ओरखडे व गंज हाच तिच्या अस्सलपणाचा पुरावा ठरला. रूपांतरित मोटारींनाही तेथे मोठे गिऱ्हाईक आहे. परंतु तो ग्राहक इतिहासापेक्षा रोजच्या वापरातील सुखसोयींसाठी पैसे मोजतो.

महाराष्ट्रातील अमेरिकी मोटारी :

अमेरिकी मोटारींशी महाराष्ट्राचा संबंध मसल कारच्या कितीतरी आधीचा आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून डॉज, डिसोटो व प्लायमथ या मोटारी बाहेर पडू लागल्या. १९५३ च्या सुमारास शासनाचे धोरण बदलले. सुटे भाग आणून केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांऐवजी येथेच उत्पादन करणाऱ्यांना प्रोत्साहन मिळू लागले आणि जनरल मोटर्सने १९५४ मध्ये येथील जुळणी थांबविली. म्हणजे अमेरिकेत मसल कार जन्मण्यापूर्वीच तिच्यासाठी भारताचे दार बंद झाले होते.

जीपच्या बाबतीत मात्र वेगळे घडले. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे ती येथेच बनवू लागली. मूळ अमेरिकी आराखडा अशा रीतीने कित्येक दशके भारतात उत्पादनात राहिला. त्यामुळे सुटे भाग मिळत राहिले आणि दुरुस्तीचे ज्ञान गावोगावच्या गॅरेजपर्यंत पोहोचले.

बुलढाणा जिल्हा व जीप :

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. मलकापूरकडून येणारा रस्ता राजूर घाट चढून बुलढाण्यास पोहोचतो. पावसाळ्यात चिकट होणारी काळी जमीन, घाटाचे चढण आणि पूर्वीचे कच्चे रस्ते अशा भूभागात चारही चाकांना गती देणारे वाहन उपयोगी ठरणे स्वाभाविक होते. 'सरकारी जीप' हा शब्द ग्रामीण महाराष्ट्रात शासनाच्या आगमनाचाच पर्याय होऊन बसला. पुढे काळी-पिवळी प्रवासी जीपने खेडी आणि तालुक्याचे बाजार जोडले.

जीपचा पत्रा बहुतांशी सपाट असल्याने कुशल वेल्डर व डेंटर तो हाताने घडवू शकतात. पेट्रोल महागल्यावर देशभर अनेक पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिने बसविण्यात आली. ही गरजेतून झालेली रूपांतरे होती. अलीकडे रुंद टायर, उंच केलेली चाके आणि बदललेली बॉडी असलेल्या हौशी जीपला मागणी आहे. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव अशा जीप तयार करण्यासाठी प्रसिद्ध आहे.

'महायुद्धातील जीप' म्हणून विकले जाणारे प्रत्येक वाहन त्या काळातील असतेच असे नाही. १९४१ ते १९४५ या काळातील विलिज एमबी जीपच्या दर्शनी जाळीला नऊ उभ्या फटी होत्या, सुकाणू डावीकडे होते, मागे उघडणारे फळकूट नव्हते आणि इंजिन ६० अश्वशक्तीचे होते. नागरी वापराच्या जीपला सात फटी व मागे फळकूट देण्यात आले. १९५३ च्या सीजे-३बी प्रकारात नवे इंजिन उंच असल्याने बॉनेटही उंच झाले. एवढी माहिती असली तरी खरेदीदाराला विक्रेत्याच्या दाव्याची प्राथमिक तपासणी जागेवरच करता येते.

कायदेशीर चौकट :

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. इंधनाचा प्रकार बदलणे यांसारखे काही बदल विहित अटींवर करता येतात. परंतु त्यांची नोंद प्रमाणपत्रात असणे आवश्यक असते.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत प्राचीन वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. प्रथम नोंदणीस ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने या वर्गात येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, तर नंतरच्या नोंदणीचे ५,००० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. असे वाहन प्रदर्शन, संशोधन, फेरी किंवा देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते; नित्य वा व्यापारी वापरासाठी नाही.

या दोन तरतुदी एकत्र वाचल्या असता मोठी अडचण लक्षात येते. डिझेल इंजिन बसविलेली पन्नास वर्षांची जीप प्राचीन वाहनाच्या वर्गात बसणे कठीण. आणि तो बदल कागदोपत्री नोंदलेला नसेल, तर ती सामान्य वाहन म्हणूनही वैध नाही. कष्टाने टिकविलेले वाहन अशा रीतीने दोन्ही दारांबाहेर उभे राहते.

बुलढाण्याच्या बाबतीत यात इतिहासाचीही भर पडते. हा जिल्हा १९५६ पर्यंत तत्कालीन मध्य प्रदेश राज्यात होता, नंतर मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आला. त्यामुळे येथे १९५६ पूर्वी नोंदल्या गेलेल्या वाहनाची प्रथम नोंदणी वेगळ्या राज्याच्या दप्तरातील असते. सध्याची 'एमएच २८' ही ओळख त्यानंतरची होय. मूळ कागद हरवले, तर वाहनाचे वय सिद्ध करणे अवघड होते.

शिवाय १५ वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द ठरते व ती भंगारात काढावी लागतात. शासकीय लिलावातून जुनी जीप मिळण्याचा मार्ग त्यामुळे जवळपास बंद झाला आहे. जी वाहने खासगी हातांत उरली आहेत, त्यांचे मोल यामुळेच अधिक.

खरेदीपूर्वी पडताळणी :

खरेदीदाराने प्रथम सांगाडा व इंजिन यांवरील क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहावेत. क्रमांकाच्या जागी घासल्याच्या किंवा नव्याने ठोकल्याच्या खुणा असल्यास व्यवहार टाळावा. त्यानंतर प्रथम नोंदणीची तारीख, इंधनाचा प्रकार, आसनसंख्या व बॉडीचा प्रकार पाहावा. ताज्या रंगाखाली लांबी भरलेली असू शकते. म्हणून चुंबक लावून पत्रा तपासावा आणि वाहनाखाली शिरून सांगाड्याचे जोड पाहावेत. दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे व सुट्या भागांची बिले मागणे हा खरेदीदाराचा हक्क आहे. ती देऊ शकणारा विक्रेता अधिक विश्वासार्ह मानावा.

समारोप :

अमेरिकेतील मसल कार आणि बुलढाण्यातील जीप यांच्या किमतींची तुलना होऊ शकत नाही. तरीही दोन्हींमागील तत्त्व एकच आहे : जुन्या वाहनाचे मूल्य त्याच्या चकाकीत नसून त्याच्या खरेपणात व त्या खरेपणाच्या पुराव्यात असते. जे इंजिन आज अडगळ म्हणून भंगारात जाते, तेच उद्या वाहनाची ओळख ठरू शकते. म्हणून रूपांतर करावयाचेच असेल, तर मूळ भाग जपून ठेवावेत, केलेला बदल कायद्याच्या मर्यादेत असावा आणि त्याची नोंद व्हावी. जीप दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरांचे कौशल्य लिखित स्वरूपात फारसे उपलब्ध नाही. महाविद्यालयांतील इतिहास व वाणिज्य विभागांनी तंत्रनिकेतनांच्या साहाय्याने त्याचे दस्तऐवजीकरण केल्यास स्थानिक इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन हाती येईल. हे काम ते कारागीर हयात आहेत तोवरच होऊ शकते.