खिडकी उघडण्यापूर्वी

संगणकाच्या पडद्यावर जी खिडकी वापरणाऱ्याला एका निमिषात, सर्वांगांसह प्रकट झालेली दिसते, ती वस्तुतः ओळीमागून ओळ अशी घडलेली असते; आणि पायथन भाषेत अशा खिडक्या रचू पाहणारा नवखा कारागीर प्रथम अडखळतो तो बहुधा या घडणीच्या क्रमापाशीच.

१९९५ साली लोकांपुढे आलेल्या ‘क्यूट’ या नॉर्वेजियन साधनसंचाचा शिरस्ता कडक आहे : ‘क्यूअ‍ॅप्लिकेशन’ ही अधिष्ठात्री वस्तू अस्तित्वात येण्यापूर्वी कोणी साधे बटण जरी निर्माण करू गेला, तरी सबंध प्रोग्राम तत्क्षणी बरखास्त होतो. पायथनसोबत येणारे ‘टीकेइंटर’ तुलनेने दयाळू. मूळ खिडकी नसताना बटण मागितले, तर ते निमूटपणे खिडकीही स्वतःच उभी करते. (हा दयाळूपणा मला फारसा उपकारक वाटत नाही, पुढे कोणी रीतसर मूळ खिडकी मागितली की पडद्यावर दोन खिडक्या उभ्या राहतात.)

क्यूटचा गाभा सी++ भाषेतला. तेथे पूर्वज-वर्गाची घडण आपोआप आधी होते. पायथनमध्ये मात्र आपण स्वतःची ‘इनिट’ कृती लिहिली की पूर्वजाची कृती ‘सुपर’मार्फत आपणच बोलवावी लागते, आणि ती न बोलावल्यास पायथनची वस्तू हाती असूनही तिच्यामागची खरी खिडकी जन्मलेलीच नसते.

याहून फसवा प्रकार निराळाच. समजा, दुकानाच्या बिलासाठी खिडकी रचली. तीत सवलतीचा टक्का ठरवणारी सरकती पट्टी आहे आणि निव्वळ रक्कम दाखवणारे लेबल आहे. पट्टी घडवली, तिचा सिग्नल हिशेबाच्या कृतीला जोडला, तिच्यावर आरंभीचा टक्का म्हणून शून्य लिहिले, आणि त्यानंतर लेबल घडवले. सारे सुरळीत चालते. कारण पट्टी मुळातच शून्यावर असते, आणि मूल्य बदलल्यावाचून सिग्नल सुटत नाही. पुढे दिवाळीत मालकाच्या हुकुमावरून त्या शून्याचे दहा केले, की सिग्नल तत्काळ सुटतो, हिशेबाची कृती धावत येते, आणि ज्या लेबलावर तिने रक्कम लिहायची ते दोन ओळी पुढे, अजून अजन्माच असते. दोष दहाच्या माथी मारला जातो. तो असतो क्रमात.

म्हणून जाणते लोक आधी सर्व वस्तू घडवतात, मग त्यांवर आरंभीची मूल्ये घालतात, सिग्नलांची जोडणी सर्वांत शेवटी करतात, आणि हिशेबाची कृती एकदा स्वहस्ते चालवतात. हे अखेरचे पाऊल विसरणारे पुष्कळ. त्यांची खिडकी उघडते ती रकमेची जागा कोरी ठेवून, आणि पट्टी तसूभर सरकवली की मगच तेथे आकडा उमटतो.