बॅटरी नवी, तरी सेल्फ लागेना

"मिस्तरी, बॅटरी गेली बघा."

"गेली, का घालवली?"

पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला ऑटो इलेक्ट्रिकच्या कुठल्याही टपरीवर असा संवाद रोज ऐकू येतो. समोर दहा-बारा वर्षं टोमॅटो आणि कांदा वाहिलेली बोलेरो पिकअप उभी असते. मालक रोगाचं निदान घरूनच करून आलेला असतो. बरेचदा बॅटरी नवी टाकून झालेली असते, डायनामाही उतरवून दाखवलेला असतो. तरी पहाटे माल भरून नारायणगावच्या बाजाराला निघायचं म्हटलं, की सेल्फ नुसता टिकटिक करतो.

खरा वायरमन अशा वेळी पाना उचलत नाही. तो केबिनचा दिवा लावायला सांगतो आणि मग सेल्फ मारायला. दिवा एकदम मिणमिणला, तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या टर्मिनलवर. दिवा तसाच लख्ख राहिला, तर बॅटरीत जोर आहे, पण तो सेल्फपर्यंत पोचत नाही. बिनपैशाची ही तपासणी झाली, की अर्धी गाडी संशयातून सुटते.

मीटर इथे फसवतो. भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते आणि सेल्फच्या टर्मिनलवरही तेवढेच 12.6 दिसतात, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही आणि डिझेल इंजिनचा सेल्फ दोनशे अँपिअरच्या घरात खेचतो. वाटेतल्या एखाद्या जोडात एका ओहमचा शंभरावा भाग एवढा रोध असला, तरी दोनशे अँपिअरला तिथे दोन व्होल्ट गायब होतात. म्हणून मोजायचं ते सेल्फ फिरताना. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. पाव व्होल्टच्या आत आकडा राहिला तर उत्तम. दीड-दोनवर गेला, तर चोर सापडला: अर्थिंग.

पिकअपमध्ये परतीची वायर सहसा वेगळी नसतेच. चेसिस आणि बॉडी हीच परतीची वाट. इंजिन मात्र रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे चेसिसशी त्याचा विजेचा संबंध एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीने जोडलेला असतो. क्लचच्या कामाला गिअरबॉक्स उतरवताना ती पट्टी सुटते आणि पुन्हा बसवताना एक तर राहून जाते किंवा रंगावरच आवळली जाते. काही वर्षांनी तिच्या टोकाला हिरवट भुकटी धरते. मग करंट मिळेल त्या वाटेने परततो. सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागली, तर समजावं की दोनशे अँपिअर त्या बिचारीच्या अंगावरून चालले आहेत.

मागच्या दिव्यांची तऱ्हा याच घरातली. इंडिकेटर दिला की टेल लॅम्पही लुकलुकतो आणि मालक फ्लॅशर बदलत बसतो. हौद्याखाली चिखल आणि सडक्या मालाचं पाणी झेलून दिव्याच्या अर्थचा स्क्रू गंजलेला असतो. वाट बंद झाल्याने इंडिकेटरचा करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो. सॅंडपेपर आणि नवा स्क्रू, एवढाच इलाज.

रात्रीत बॅटरी उतरणं हा चिवट प्रकार. इथे गाडी पूर्ण बंद करून बॅटरीच्या केबलमध्ये अ‍ॅमीटर जोडायचा. 50 मिलिअँपिअरपर्यंतची गळती चालते. अर्धा अँपिअर दिसला, तर 60 अँपिअर-अवरची बॅटरी पाच दिवसांत कोरडी. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा पडला, त्या फांदीवर भानगड. सगळे काढूनही आकडा हलला नाही, तर डायनामाची जाड वायर सोडून बघतात, कारण आतला डायोड गळका असला की तो बंद गाडीतही बॅटरी पीत राहतो.

पण निम्म्या भानगडी कंपनीच्या वायरिंगमध्ये नसतातच. टेप, एलईडीच्या माळा, देवाजवळचा दिवा, म्युझिकल हॉर्न: प्रत्येक मालकाने सोईच्या वायरला कातरी लावून आपापली हौस जोडलेली असते आणि वरून टेप गुंडाळलेली. 60/55 वॉटचे बल्ब काढून 100/90 चे टाकले, की दोन दिव्यांचा करंट दहावरून सतरा अँपिअरच्या आसपास जातो आणि कॉम्बिनेशन स्विच वितळतो. रिले टाकला असता तर हा भार स्विचवर आलाच नसता. फ्यूज उडतो म्हणून तिथे तांब्याची तार घालणाऱ्याबद्दल काय बोलावं! त्याने वायरिंगलाच फ्यूज केलेलं असतं.

या गाड्या इतकं सोसून चालतात, त्यालाही कारण आहे. जुन्या डीआय इंजिनचा पंप यांत्रिक. एकदा सुरू झालं, की पंपावरच्या सोलेनॉइडपुरती वीज त्याला पुरते. म्हणून लोक गाडी उतारावर लावून, धक्का मारून महिनोन्महिने ढकलतात. कॉमन रेल इंजिनवाल्या नंतरच्या गाडीला हे लाड नाहीत. सेल्फ फिरताना व्होल्टेज फार पडलं, की इंजिनचं इलेक्ट्रॉनिक डोकं, म्हणजे ईसीयूच, दम सोडतो आणि स्कॅनरवर एकमेकांशी संबंध नसलेले कोड उमटतात. काही जुने मिस्तरी अजून चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून डायनामा तपासतात. तो प्रकार अशा गाडीत करूच नये. बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज उसळतं आणि महागडा ईसीयू जातो. चालू इंजिनवर बॅटरीच्या टर्मिनलला 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळाले, की डायनामाची परीक्षा झाली.

एवढं सगळं शोधायला अर्धा दिवस जातो आणि सामान लागतं एक जाड केबल, दोन लग्ज, एक बोल्ट. पैसे देताना मालक कुरकुरतो: "नुसती वायर तर जोडली!" बॅटरीचे सात हजार त्याने घासाघीस न करता मोजलेले असतात. म्हणून शहाणे वायरमन जुनी, गंजलेली पट्टी फेकत नाहीत. बिलासोबत ती मालकाच्या हातात ठेवतात.